वरातीच्या धुनेची परवानगी

बान नोंगखे, रोई-एट
३० जुलै

पूज्य भंते थिरधम्म यांना बुनथानचं त्रिवार वंदन.

वर्षावास सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या उपोसथाच्या सकाळी मी नेहमीसारखा उजाडायच्या आत उठलो, चिकट भाताची टोपली वाफेवर ठेवली आणि भात होईपर्यंत गावप्रमुखाच्या अंगणातल्या खोलीत जाऊन भोंगा चालू केला. आपल्याकडची रीत तुम्हाला आठवत असेल. आधी एक गाणं लावायचं, मग बातमी सांगायची. गाणं ऐकून बायका चुलीपासून उठून दाराशी येतात, पुरुष तोंड धुता धुता थांबतात. मी गाणं लावलं. विहारात दान कधी न्यायचं, म्हशींना लस कोणत्या दिवशी, कालव्याचं पाणी कोणाच्या बाजूला सुटणार, सगळं सांगितलं. बाहेर आलो आणि फोन बघितला, तर त्यावर परक्या भाषेत काही तरी लिहून आलं होतं. शाळेतल्या मालाईबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या कार्यक्रमाचा रविवारचा भाग बंद पाडलाय."

हा कार्यक्रम म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसणार. गेल्या वर्षी बाईंनी मला फोनवर पॉडकास्ट काढून दिला. गावची आठवड्याची बातमी मी दर रविवारी त्यात सांगतो. बँकॉकला, कोरियाला, तैवानला गेलेली आपली माणसं ती ऐकतात. मला वाटलं, हा लांब पोचणारा भोंगा आहे. म्हणून तिथेही मी आधी गाणं लावत गेलो.

बाई म्हणाल्या, "गाण्याला मालक असतो, काका. खरं तर भोंग्यालाही विचारायला हवं, पण तिथवर कोणी येत नाही. हे जगभर ऐकू जातं. कंपनीला लगेच कळतं."

"कंपनीला आमच्या म्हशींच्या लशीचं काय पडलंय?"

"म्हशींचं नाही. गाण्याचं."

"पण कॅसेट मी पैसे देऊन घेतलीय."

"कॅसेट तुमची. गाणं त्यांचं. आणखी एकदा असं झालं, तर सगळाच कार्यक्रम काढून टाकतील."

भंते, ते गाणं साधं नव्हतं. बुआलाय तांदूळ भिजवताना तेच गुणगुणायची. तिला तैवानला जाऊन आता सहावं वर्ष चालू आहे. ते गाणं लागलं की हे आपलंच घर बोलतंय, असं तिला ओळखू येतं. दर रविवारी तैवानातून एक जण ऐकतं, हे फोनवर दिसतं. नाव दिसत नाही, देश तेवढा दिसतो. दुसरं कुठलंही गाणं लावलं तर ती ओळखेल कशी?

म्हणून मला अशी धून हवी आहे, जी कायद्याला चालेल आणि तिला ओळखू येईल. अशी एकच आहे. आमच्या लग्नाच्या वरातीत, माझ्या घरापासून तिच्या दारापर्यंत, तुम्ही केनच्या बांबूच्या नळ्यांत फुंकून वाजवलेली. बाई म्हणतात, धून पूर्वापार चालत आलेली, तिला मालक नाही. पण ज्याने ती त्या दिवशी वाजवली, त्याचा तिच्यावर हक्क असतो. त्याचं लेखी हवं.

सोबत एक छोटं यंत्र पाठवतो. त्यात त्या वरातीची टेप उतरवली आहे. ती तुमचीच आहे ना, ते ऐकून खात्री करा. रीतीप्रमाणे पाच जोड मेणबत्त्या आणि पाच जोड फुलंही ठेवली आहेत. वाटेत फुलं सुकतील, त्याबद्दल क्षमा असावी.

तुमचा
बुनथान

*

अरण्यविहार, मे होंग सोन
१४ ऑगस्ट

बुनथान, कल्याण असो.

तुझं पुडकं आचार्यांसमोर उघडलं. यंत्र निघालं तेव्हा सगळे भिक्खू माझ्याकडे बघायला लागले. अरे बेडका, मी आता संगीत ऐकत नाही, हे तुला माहीत नाही का? एक वर्षावास तूही चीवर घालून काढला आहेस. दहा शीलं तोंडपाठ म्हणायचास, आणि दर वेळी सातव्यापाशी, गाणंबजावणं वर्ज्य असं म्हणताना, आपल्या दोघांनाही हसू यायचं.

पण ओळखायचं तर होतं. आमच्याकडे पाइरोज नावाचे उपासक आहेत, म्हातारे, पूर्वी मुष्टियोद्धे होते. एका कानाने ऐकूच येत नाही. आचार्य म्हणाले, "तू ऐक आणि सांग." त्यांनी यंत्र चांगल्या कानाला लावलं.

"काय ऐकू येतं?"

"गर्दी आहे, महाराज. लोक आनंदाने आरोळ्या देताहेत. एक कुत्रं आहे. आणि केन आहे. वाजवणारा दमलाय, पण थांबत नाही."

"धून कशी आहे?"

पाइरोज गुणगुणायला लागले. आचार्यांनी हात वर केला. "पुरे! तू गुणगुणलास तर आम्ही ऐकल्यासारखंच झालं."

"मग मी सांगू काय?"

"कुत्र्याचं सांग."

इतकं हसू या विहारात मी आल्यापासून झालं नव्हतं. कुत्र्यावरूनच मी ओळखलं. मधल्या आळीचं ते काळं कुत्रं वरातभर माझ्या पायाशी भुंकत होतं. टेप त्याच वरातीची आणि वाजवणारा मीच.

पण खरं सांगतो, पाइरोज ऐकत होते तेव्हा चीवराखाली माझी बोटं गुडघ्यावर आपोआप हलत होती. भोकं झाकत होती, सोडत होती. संध्याकाळी आचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बोटांना उशिरा कळतं."

लेखी सोबत आहे. "त्या दिवशी केनमधला श्वास माझा होता, त्यावर माझा काही दावा नाही." याहून जास्त लिहिता येत नाही. ज्याने काहीच आपलं ठेवलेलं नाही, त्याने काय द्यायचं, यावर इथे बरीच चर्चा झाली. शेवटी इतकं ठरलं. फुलं मी घेतली नाहीत, मी गुरू नव्हे. आपल्या दोघांना केन शिकवणाऱ्या सुतानबाबांच्या नावाने बुद्धमूर्तीसमोर ठेवली.

आता एक विचारतो. वाजवणाऱ्याचा हक्क असतो, तसा टेप करणाऱ्याचाही असणार. त्या दिवशी यंत्र खांद्यावर घेऊन पुढे पुढे कोण धावत होतं? साविएन, बुआलायचा भाऊ. त्याला विचारलंस का? आणि बुआलायला ही कल्पना कशी वाटली?

मला गावाहून पत्र लिहिणारं आता कोणी उरलं नाही. तेव्हा भोंग्यावर सांगतोस ते मलाही लिहीत जा. कोण गेलं, कोणाची म्हैस व्याली, चालेल काहीही.

थिरधम्म

*

बान नोंगखे
२ सप्टेंबर

पूज्य भंते, वंदन.

लेखी मिळालं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "असा कागद कोणत्याही वकिलाला लिहिता येणार नाही."

बातमी अशी. फ्रोमकाका गेले. ताडाच्या झाडावर चढायचं सोडून दोन वर्षं झाली होती, अंगणात बसल्या बसल्या गेले. तुमच्या आईच्या घरापुढचं चिंचेचं झाड उभं आहे. घरात आता चुलतभावाची मुलं राहतात, झाडाला झोपाळा बांधलाय. प्रासितची म्हैस व्याली, रेडकू पांढरट आहे, लोक मुद्दाम बघायला जातात. भाताची लावणी संपली.

तुमचं लेखी येईपर्यंत कार्यक्रमाला काही तरी हवं, म्हणून बाईंनी इंटरनेटवरचं एक भांडार दाखवलं. तिथली गाणी फुकट वापरता येतात. काहींना नाव सांगावं लागतं, काहींना तेही नाही. आम्ही दोन संध्याकाळी ऐकत बसलो. कायद्याला सगळी चालतात, पण आपल्या गावाला एकही नाही. फ्रोमकाकांच्या बातमीआधी मी पियानो लावला. कोरियाहून त्यांच्या पुतण्याने लिहिलं, "काका गेल्याचं वाईट वाटलं, पण ऐकताना मोठ्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटलं." पुढच्या खेपेला, यादीत आशियाई विहाराचं संगीत म्हणून दिलेली धून घेतली. तर बँकॉकहून लगेच, "बुनथान, गावात चिनी नववर्ष कधीपासून?" मग मी लावायचंच सोडलं. आता नुसता बोलतो. मागे शेतातले बेडूक तेवढे येतात.

साविएनकडे जायचं आहे. पण पाऊस फार आहे, सगळ्यांचे पंप त्याच्याकडे दुरुस्तीला पडलेत, त्याला मान वर करायला फुरसत नाही. थोडी उसंत मिळाली की जाईन.

बुआलाय बरी आहे. कारखान्यात काम जास्त असतं. रविवारी ऐकते.

बुनथान

*

अरण्यविहार
१५ सप्टेंबर

बुनथान,

म्हशीच्या रेडकाचा रंग तू मला कळवलास. चिंचेला झोपाळा बांधलाय तेही लिहिलंस, आणि ते वाचून मी बराच वेळ बसून होतो, त्याबद्दल तुझे उपकार. पण तुझ्या दोन्ही पत्रांत बुआलाय काय म्हणाली, असं एकही वाक्य नाही. बरी आहे, काम असतं, ऐकते. हे तर माझ्याबद्दलही कोणी लिहील.

साविएनच्या आणि तुझ्या गावांमध्ये नदी नाही, शेताचे बांध आहेत. पंपांमुळे त्याला फुरसत नसेल, तर एक पंप घेऊन जा.

थिरधम्म

*

बान नोंगखे
२६ सप्टेंबर

भंते, वंदन.

पंप घेऊन गेलो. माझ्या पंपाला काही झालेलं नव्हतं, तरी सायकलला बांधून नेला.

साविएन म्हणाला, "या दाजी. काय झालंय याला?"

"पाणी ओढत नाही."

त्याने पंप टाकीत सोडला, दोरी खेचली. पाणी असं उसळलं की आम्ही दोघं भिजलो. त्याची बायको हसत आत पळाली. साविएन तोंड पुसत म्हणाला, "हा तर माझ्यापेक्षा धडधाकट आहे. खरं बोला, कशाला आलात?"

मी टेपचं सांगितलं. कायदा सांगितला. टेप करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, तेही सांगितलं.

"म्हणजे मी त्या टेपचा मालक? बरं झालं बुवा, कशाचा तरी झालो." मग माझ्याकडे बघत राहिला. "टेपचंच विचारायला आलात?"

"हो."

"टेपचंच?"

मी सदऱ्याची ओली बाही पिळायला लागलो. त्याची बायको कोरडे कपडे घेऊन आली, आमचे चेहरे बघून तशीच उभी राहिली.

साविएन म्हणाला, "घ्या टेप. वाजवा, विका, काय वाटेल ते करा. पण दाजी, ती ऐकत नाही हो."

"कोण?"

"आता माझ्याकडून वदवून घेऊ नका."

मग त्याने सांगितलंच. ती ताओयुआनला राहते. नाखोन फनोमकडचा एक माणूस आहे, वेल्डिंग करतो, वाईट नाही. त्यांना मुलगी आहे, चालायला लागली. तिने भावाला निरोप दिला होता, दाजींना तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही. "मी वाट बघत होतो, तुम्ही कधी येता त्याची. तुम्ही तर आमच्या दारावरून सायकल वळवून नेता. जत्रेत मला बघून सावकार दिसल्यासारखे दुसऱ्या बाजूला जाता."

मी विचारलं, "मग रविवारी तैवानातून ऐकतं कोण?"

"मला काय ठाऊक? तैवानात आपली माणसं काय एक आहे?"

त्याच्या बायकोने भात वाढला, पपईचं सॅलड कुटलं. मी जेवलो. मिरची जास्त झाली होती, ती म्हणाली डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीने. मीही तसंच म्हणालो. निघताना साविएनने सुट्या भागांच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर परवानगी लिहून दिली. पंप स्वतः सायकलला बांधला. दोर पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

भंते, आता माझ्याकडे दोन्ही परवानग्या आहेत. कायद्याचं काही राहिलं नाही. पण ती धून आता लावायची कोणासाठी? गेल्या रविवारी मी कार्यक्रम केला नाही. भोंगा करतो, तो चुकवता येत नाही. घरी येऊन भाताची टोपली उघडतो. सहा वर्षांत मला एकट्यापुरता तांदूळ भिजवायला जमलेलं नाही. उरलेला कोंबड्यांना जातो.

बुनथान

*

अरण्यविहार
६ ऑक्टोबर

बुनथान,

वर्षावास संपेपर्यंत मला इथून निघता येत नाही. नाही तर आलो असतो. तुझ्याकडे बसून काही बोललो नसतो, पण आलो असतो.

एवढंच आठवण करून देतो. पुण्य वाटताना आपण पाणी ओततो. आधी आईवडिलांची नावं घेतो, मग गुरूंची, मग गेलेल्यांची. शेवटी, ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्या सगळ्यांना. ते शेवटचं वाक्य तू लहानपणी फार घाईत म्हणायचास. भूक लागलेली असायची.

थिरधम्म

*

बान नोंगखे
२७ ऑक्टोबर

पूज्य भंते, त्रिवार वंदन.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी वरातीची टेप कानाला लावून पहिल्यांदा नीट ऐकली. आजवर मी तिच्यात फक्त केन ऐकत आलो होतो. शेवटी वरात दारात पोचते, तिथे केनच्या वर बुआलायचं हसू आहे. ती कोणाला तरी म्हणते, "अगं बघ, ह्याच्या एकाच पायात चप्पल आहे!" खरंच होतं ते. दुसरी चप्पल चिखलात राहिली होती.

श्वास तुमचा होता, तुम्ही दिलात. टेप साविएनची, त्याने दिली. हसणं तिचं आहे, भंते. तिला कोणी विचारलेलं नाही. मी साविएनकडून विचारवलं असतं, तर कीव येऊन ती हो म्हणाली असती, किंवा घाबरून नाही. मला दोन्ही घ्यायचं नव्हतं. मालाईबाई म्हणाल्या, "काका, तेवढं हसू कापता येईल की." मी म्हटलं, "वरातीतून नवरी कापायची होय, बाई?" टेप मी साविएनला परत नेऊन दिली.

मग, चीवर घेताना तुम्ही माझ्याकडे ठेवलेला केन उतरवला. दोन नळ्या मुक्या झाल्या होत्या. आतल्या धातूच्या पट्ट्या घासल्या, फटी मधमाशीच्या मेणाने बुजवल्या. विहाराच्या भिंतीत सुतानबाबांच्या अस्थी आहेत, तिथे पाच जोड फुलं आणि पाच जोड मेणबत्त्या ठेवल्या आणि सांगितलं, तुमचा नापास विद्यार्थी पुन्हा आलाय. शेतातल्या झोपडीत तीच वरातीची धून रोज वाजवायचो. साविएन एकदा बांधावरून ओरडला, "दाजी, म्हैस अडलीय का? माणसं बोलावू?" आता तो अधूनमधून येतो. येताना मासे आणतो, म्हणजे माझा भात उरत नाही.

मधेच एक निरोप आला, तैवानहून. "भाऊ, मी तुमच्या गावची नाही. यासोथोनकडची आहे. आमच्या गावचे भोंगा सांगणारे काका वारले, आता कोणी सांगत नाही. रविवारी वसतिगृहात कपडे धुताना मी तुमच्याकडची बातमी ऐकते. तुमच्या गावातली एकूण एक म्हैस मला माहीत आहे. आधी गाणं गेलं, मग तुम्हीही गेलात. घरी काही वाईट झालं का? भाऊ, जेवता ना वेळेवर?"

मी ते पुष्कळदा वाचलं. निदान तिने तरी विचारलं. उत्तर अजून लिहिलेलं नाही.

काल मी वाजवलेलं बाईंनी त्यांच्या फोनवर टेप केलं. मधे माझा दम तुटतो, एक नळी घोगरी आहे, मागे बेडूक आहेत. बाईंनी विचारलं, "ही धून भांडारात ठेवायची तर हक्क राखायचा की सोडायचा? नाव सांगून वापरा, असंही म्हणता येतं."

"ज्याला हवी त्याने घ्यावी. विचारायला नको."

"नाव तरी?"

"सुतानबाबांचं लिहा. पण तीही सक्ती नको."

आज रविवार. सकाळी भात वाफेवर ठेवला, एकट्याचा, बेताने. पाणी ओतलं. तुमचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं, बुआलायचं घेतलं आणि तिच्या मुलीचं, जे मला माहीत नाही. शेवटचं वाक्य सावकाश म्हणालो. मग खोलीत जाऊन, बुआलायचं गाणं असलेले जुने सगळे भाग मी स्वतः पुसून टाकले. केनची धून लावली. कापणी कुठून सुरू होते आहे ते सांगितलं, रेडकू आता सायकलींच्या मागे पळतं तेही सांगितलं. आणि ऐकणारं कोणीही असो, "जेवलात का?" असं विचारून भाग पाठवून दिला.

बुनथान